लॅव्हेंडरचे तेल ओळखावे, तपासावे आणि जपावे कसे: बडोद्यातील नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

दिवाळीच्या आधी भरणाऱ्या प्रदर्शनांसाठी घरच्या घरी साबण, मेणबत्त्या आणि अंगाला लावायची तेले तयार करणारी मराठी मंडळी आता दांडिया बाजारापासून मांजलपूरपर्यंत बडोद्याच्या बहुतेक भागांत आढळतात. त्यांच्यापैकी अनेकांच्या हाती पहिले सुगंधी तेल येते ते लॅव्हेंडरचे, आणि त्या बाटलीवर किंवा तिच्या जाहिरातीत ‘अँटिऑक्सिडंट गुणांनी युक्त’ अशी ओळ बहुधा छापलेली असते. ती ओळ निखालस खोटी नाही, पण ती जशी वाचली जाते तशी खरीही नाही. लॅव्हेंडरच्या तेलाचे जे दोन प्रमुख घटक आहेत तेच हवेतल्या ऑक्सिजनपुढे फार काळ टिकत नाहीत. त्यामुळे हे तेल आपल्या त्वचेचे रक्षण करील ही अपेक्षा ठेवण्याआधी तेलाचे रक्षण आपणच करावे लागते. बडोद्यासारख्या उन्हाच्या गावात तर हे काम अधिकच जपून करावे लागते. ते कसे करावे, हे पुढे क्रमाने मांडले आहे. रसायनशास्त्र शाळेनंतर सुटलेल्या वाचकाला ते समजावे आणि महाविद्यालयात शिकणाऱ्याला त्यातला एखादा प्रयोग प्रत्यक्ष करता यावा, अशी योजना आहे.

पहिली पायरी: वनस्पतीचे पूर्ण नाव पाहा

बाटलीवर नुसते ‘लॅव्हेंडर’ असे लिहिलेले असेल तर त्यातून फारसे काही कळत नाही. औषधी आणि सौंदर्यप्रसाधनांच्या व्यवहारात खरे लॅव्हेंडर म्हणजे लॅव्हॅन्ड्युला अँगुस्टिफोलिया. तिची एक रानटी बहीण लॅव्हॅन्ड्युला लॅटिफोलिया या नावाची आहे, तिच्या तेलाला स्पाइक लॅव्हेंडर म्हणतात. आणि या दोघींच्या संकरातून झालेले लॅव्हॅन्डिन, ज्याचे शास्त्रीय नाव लॅव्हॅन्ड्युला इंटरमिडिया असे आहे. लॅव्हॅन्डिनचे पीक तेल अधिक देते, म्हणून ते स्वस्त पडते, आणि साबणासाठी ते वापरण्यात काही गैर नाही. फक्त ते खऱ्या लॅव्हेंडरच्या नावाने व त्याच भावाने विकले जाऊ नये.

नाकालाही थोडा सराव देता येतो. स्पाइक लॅव्हेंडरमध्ये कापूर आणि १,८-सिनिओल यांचे प्रमाण मोठे असते. हे सिनिओल म्हणजे निलगिरीच्या तेलाचा मुख्य घटक. लॅव्हॅन्डिनमध्ये ही दोन्ही द्रव्ये मधल्या प्रमाणात आढळतात, उदाहरणार्थ ‘ग्रॉसो’ या प्रचलित जातीच्या तेलात कापूर ६ ते ८ टक्के असतो. देवघरातला कापूर आणि सर्दीत हुंगले जाणारे निलगिरीचे तेल हे दोन्ही वास मराठी घरात लहानपणापासून परिचयाचे असल्याने, कागदाच्या पट्टीवर एक थेंब घेऊन पाच मिनिटांनी वास घेतला की हे दोन सूर पुढे येतात का, हे आपल्याला चांगले ओळखता येते. ते ठळकपणे आले तर बाटलीत शुद्ध अँगुस्टिफोलिया नाही, अशी शंका घेण्यास जागा आहे.

तेल कुठून आले हेही विचारावे. जगात या तेलाच्या उत्पादनात बल्गेरिया आणि फ्रान्स हे देश आघाडीवर आहेत. भारतात जम्मूच्या डोडा जिल्ह्यातील भदरवाह परिसरात वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेच्या अरोमा मिशनमधून लॅव्हेंडरची शेती वाढली आणि तेथील शेतकरी स्वतः ऊर्ध्वपातन करून तेल काढू लागले. भारतीय तेल मिळत असेल तर तपासणीचा अहवाल मागून ते अवश्य घ्यावे. बडोद्यात गच्चीवर रोप लावून तेल काढण्याचा विचार मात्र सोडून द्यावा. या झाडाला कोरडी हवा, थंड हिवाळा आणि पाणी न धरणारी, चुनखडीची जमीन लागते. आपल्याकडच्या काळ्या मातीत आणि आषाढ-श्रावणाच्या दमट हवेत त्याची मुळे कुजतात. एखादे रोप जगले तरी ताज्या फुलोऱ्याच्या वजनाच्या साधारण एक टक्क्याच्या आसपासच तेल मिळते, हे ध्यानात घेतले म्हणजे कुंडीचा हिशेब आपोआप सुटतो.

दुसरी पायरी: बाटलीत काय आहे हे समजून घ्या

लॅव्हेंडर हे तुळस, सब्जा आणि पुदिना यांच्याच कुळातले झाड आहे. त्याचे तेल फुलाच्या पाकळ्यांत नसून मुख्यतः निदलपुंजावरच्या, म्हणजे फुलाला खालून धरून ठेवणाऱ्या हिरव्या-जांभळ्या पेल्यावरच्या, सूक्ष्म ग्रंथींमध्ये साठलेले असते. फुलोऱ्यातून वाफ सोडली की या ग्रंथी फुटतात, तेल वाफेबरोबर वर जाते, थंड नळीत दोन्ही द्रवरूप होतात, आणि पाण्यापेक्षा हलके असल्याने तेल वर तरंगते. तेलाची सापेक्ष घनता ०.८८ च्या जवळपास असते. म्हणजे १० मिलिलिटरच्या बाटलीतील तेलाचे वजन सुमारे ८.८ ग्रॅम भरते. वजनकाट्यावर काम करणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा, कारण मिलिलिटर आणि ग्रॅम सारखेच धरल्याने प्रमाणे चुकतात.

याला तेल म्हटले जात असले तरी शेंगदाण्याच्या किंवा तिळाच्या तेलाशी त्याचे रासायनिक नाते नाही. त्यात स्निग्धाम्ले नाहीत, जीवनसत्त्वे नाहीत, प्रथिने नाहीत. त्यामुळे एक सोपी चाचणी उपलब्ध होते: टीपकागदावर एक थेंब टाकून तो उघड्यावर ठेवावा. शुद्ध बाष्पनशील तेल काही तासांत, फार तर दुसऱ्या दिवसापर्यंत, जवळजवळ डाग न ठेवता उडून जाते. तुपकट, पारदर्शक डाग राहिला तर खाद्यतेलासारखे काही मिसळलेले आहे. मात्र या चाचणीने कृत्रिम सुगंधद्रव्याची भेसळ पकडता येत नाही, कारण तेही उडून जाते.

तेलातील बहुतेक घटक टर्पीन या मोठ्या कुटुंबातले आहेत. पाच कार्बनांचा आयसोप्रीन हा त्यांचा मूळ घटक. दोन घटक जोडले गेले की दहा कार्बनांचे मोनोटर्पीन आणि तीन जोडले गेले की पंधरा कार्बनांचे सेस्क्विटर्पीन तयार होते. सुगंधी तेलांचा हा गुंता जर्मन रसायनशास्त्रज्ञ ऑटो वालाख यांनी चिकाटीने सोडवला आणि त्या प्रकारच्या कामासाठी त्यांना १९१० साली नोबेल पारितोषिक मिळाले.

लॅव्हेंडरमधला पहिला महत्त्वाचा घटक लिनॅलूल. त्याच्या रेणूत दहा कार्बन, अठरा हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन असतो, रेणुभार सुमारे १५४ आणि उत्कलनबिंदू १९८ अंश सेल्सियसच्या जवळ. हे एक अल्कोहोल आहे. दुसरा घटक लिनॅलिल अॅसिटेट. लिनॅलूल आणि अॅसिटिक आम्ल, म्हणजे शिरक्यातले आम्ल, यांच्या संयोगातून पाण्याचा एक रेणू बाहेर पडला की हे एस्टर तयार होते. तेलाचा फळासारखा गोडवा आणि गोलाई याच एस्टरमुळे येते. ही संयोगाची क्रिया उलटही होऊ शकते. ऊर्ध्वपातन फार वेळ चालले किंवा बाटलीत पाणी राहिले तर लिनॅलिल अॅसिटेट फुटून पुन्हा लिनॅलूल आणि आम्ल होते, आणि तेलाला आंबूस झाक येते. उत्तम ऊर्ध्वपातन करणारा कारागीर म्हणूनच वेळेचे भान ठेवतो.

लिनॅलूल आपल्या स्वयंपाकघरातही आहे. धण्यांच्या तेलाचा मोठा भाग, बहुतेक नमुन्यांत निम्म्याहून अधिक, लिनॅलूलच असतो. पण धण्यातले लिनॅलूल आणि लॅव्हेंडरमधले लिनॅलूल एकमेकांची आरशातली प्रतिमा आहेत. अणू तेच, जोडणी तीच, पण अवकाशातली मांडणी उजव्या-डाव्या हातांसारखी उलट. भेसळ ओळखताना हा फरक फार उपयोगी पडतो.

उरलेल्या घटकांची यादी लांबलचक आहे आणि नवशिक्याने ती पाठ करण्याची गरज नाही. टर्पिनेन-४-ऑल, ओसिमिनची दोन रूपे, लॅव्हॅन्ड्युलॉल व त्याचे अॅसिटेट, ३-ऑक्टॅनोन आणि बीटा-कॅरिओफायलिन ही नावे अहवालात दिसली की ओळखीची वाटावीत, इतके पुरे. त्यांपैकी लॅव्हॅन्ड्युलिल अॅसिटेटकडे विशेष लक्ष द्यावे; ते थोडेच असते, पण खऱ्या लॅव्हेंडरमध्ये ते असायलाच हवे.

तिसरी पायरी: तपासणीचा अहवाल मागा आणि वाचा

प्रामाणिक विक्रेता प्रत्येक घाण्याचा, म्हणजे बॅचचा, जीसी-एमएस, म्हणजे वायू-वर्णलेखन आणि वस्तुमान वर्णपटमापन या जोडयंत्राचा, अहवाल देतो. या यंत्रात तेलाचा अतिसूक्ष्म अंश तापवून वायुरूप केला जातो आणि तो एका लांब, केसासारख्या बारीक नळीतून वाहतो. प्रत्येक घटक नळीच्या आतल्या लेपाला कमी-अधिक चिकटत असल्याने तो आपापल्या वेळी बाहेर पडतो, आणि कागदावर एकेक शिखर उमटते. शिखर कोणत्या वेळी उमटले यावरून घटकाची ओळख पटते व शिखराच्या क्षेत्रफळावरून प्रमाण कळते. दुसरा भाग, म्हणजे वस्तुमान वर्णपटमापक, त्या रेणूचे तुकडे करून ओळख पक्की करतो. बडोदे हे नंदेसरी, मकरपुरा, कोयली अशा औद्योगिक वस्त्यांचे गाव असल्यामुळे हे यंत्र इथे दुर्मीळ नाही. जवळपास प्रत्येक मराठी कुटुंबाच्या नात्यात किंवा शेजारात एखाद्या रासायनिक किंवा औषधी कारखान्याच्या गुणवत्ता-नियंत्रण विभागात काम करणारे कोणीतरी असते. एखादे काका किंवा वहिनी असा अहवाल अर्धा तास समोर ठेवून समजावून देतील, तर त्यासारखे दुसरे शिक्षण नाही.

अहवालात काय पाहावे? युरोपियन फार्माकोपियाने, म्हणजे औषधी द्रव्यांच्या दर्जाची मानके ठरवणाऱ्या युरोपातील अधिकृत ग्रंथाने, खऱ्या लॅव्हेंडरच्या तेलासाठी मर्यादा घालून दिल्या आहेत, आणि त्या नवशिक्याला चांगला आधार देतात. लिनॅलूल २० ते ४५ टक्के, लिनॅलिल अॅसिटेट २५ टक्क्यांपासून साधारण ४७ टक्क्यांपर्यंत, कापूर जास्तीत जास्त १.२ टक्के, सिनिओल २.५ टक्क्यांच्या आत, लिमोनीन १ टक्क्याच्या आत, अल्फा-टर्पिनिऑल २ टक्क्यांच्या आत, लॅव्हॅन्ड्युलिल अॅसिटेट निदान ०.२ टक्के आणि लॅव्हॅन्ड्युलॉल निदान ०.१ टक्का. आपल्या अहवालातला कापूर ५ किंवा ७ टक्के दिसत असेल तर लॅव्हॅन्डिन आत आले आहे. लिनॅलूल आणि लिनॅलिल अॅसिटेट मिळून ९० टक्क्यांच्या वर जात असतील आणि बारीकसारीक शिखरे जवळजवळ नसतीलच, तर कारखान्यात तयार केलेली ही दोन द्रव्ये एकत्र ओतली आहेत असे समजण्यास हरकत नाही. निसर्ग इतके स्वच्छ काम करीत नाही.

हुशार भेसळ याहून अवघड असते, कारण भेसळ करणाऱ्यालाही या मर्यादा ठाऊक असतात. तेथे आरशातल्या प्रतिमांचा मुद्दा कामी येतो. लॅव्हेंडरमधले लिनॅलूल जवळजवळ सगळे एकाच हाताचे असते, तर कारखान्यातले साधारण निम्मे-निम्मे, दोन्ही हातांचे. वरच्याच मानकात उलट हाताच्या लिनॅलूलची कमाल मर्यादा १२ टक्के आणि उलट हाताच्या लिनॅलिल अॅसिटेटची १ टक्का आहे. यासाठी वेगळ्या लेपाची नळी लागते आणि खर्चही वाढतो. घरगुती उद्योगाने पहिल्याच दिवशी तो करावा असे मी म्हणणार नाही, पण मोठी मागणी नोंदवण्याआधी ‘कायरल’ तपासणी झाली आहे का, एवढा प्रश्न विक्रेत्याला विचारून पाहावा. उत्तर देणारा कोण आणि टाळणारा कोण, हे तेवढ्यावरही कळते.

अहवालावरचा बॅच क्रमांक आणि बाटलीवरचा क्रमांक जुळला पाहिजे. अनेक ठिकाणी एकच जुना अहवाल वर्षानुवर्षे सगळ्या बाटल्यांसोबत पाठवला जातो. अशा कागदाला किंमत नाही.

चौथी पायरी: अँटिऑक्सिडंट म्हणजे नेमके काय, ते आधी समजून घ्या

हवेतील ऑक्सिजनमुळे एखादे द्रव्य बिघडते तेव्हा ती बहुधा साखळी-क्रिया असते. एक अस्थिर रेणू, ज्याला मुक्त मूलक म्हणतात, शेजारच्या रेणूचा हायड्रोजन हिसकावतो. शेजारी अस्थिर होतो, ऑक्सिजनशी जोडला जातो आणि पुढच्या रेणूवर तुटून पडतो. खवट झालेले तेल किंवा तूप हा याच साखळीचा परिणाम. अँटिऑक्सिडंट म्हणजे असे द्रव्य, जे स्वतःचा हायड्रोजन सहज देऊन ही साखळी तोडते आणि तो दिल्यानंतरही स्वतः शांत राहते.

हे काम फिनॉल गटाची द्रव्ये उत्तम करतात. त्यांच्यात ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी बेंझीनच्या कड्याला लागलेली असते. हायड्रोजन निघून गेल्यावर उरलेला एकटा इलेक्ट्रॉन त्या संपूर्ण कड्यावर पसरतो आणि रेणू स्थिर राहतो. लवंगेच्या तेलातले युजेनॉल फिनॉल आहे. ओव्याच्या तेलातले थायमॉल, ज्याचे स्फटिक ओव्याचे फूल म्हणून विकले जातात, तेही फिनॉल आहे. जीवनसत्त्व ‘ई’ म्हणजे टोकोफेरॉलसुद्धा फिनॉलच.

लिनॅलूलमध्ये ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी आहे, पण बेंझीनचे कडे नाही. त्या जोडीतला हायड्रोजन घट्ट धरलेला असतो आणि मूलकाला सहजी मिळत नाही. लिनॅलिल अॅसिटेटमध्ये तर ती जोडीही उरलेली नाही. म्हणजे तेलाच्या वजनाचा बहुतांश भाग ज्या दोन द्रव्यांनी व्यापला आहे, त्यांतले एकही दमदार अँटिऑक्सिडंट नाही. उलट या दोन्ही रेणूंमध्ये कार्बन-कार्बनचे दुहेरी बंध आहेत, आणि त्यांच्या शेजारचे हायड्रोजन मूलकांना सहज मिळतात. ऑक्सिजन तेथूनच आत शिरतो. प्रयोगांत लॅव्हेंडरच्या तेलाचा जो काही प्रभाव दिसतो तो थोडा अल्प प्रमाणातल्या घटकांचा, थोडा चाचणीच्या पद्धतीचा, आणि मोठ्या मात्रेचा असतो.

मग लॅव्हेंडरच्या झाडात अँटिऑक्सिडंट नाहीतच का? आहेत, आणि भरपूर आहेत. तुळशीच्या कुळाची ओळख असलेले रोझमॅरिनिक आम्ल आणि इतर पॉलिफिनॉल फुलांत व पानांत असतात. पण हे रेणू जड असतात, वाफेबरोबर उडत नाहीत. ऊर्ध्वपातन झाल्यावर ते भांड्यात उरलेल्या चोथ्यात आणि तळच्या काळपट पाण्यात राहून जातात. म्हणून वाळलेल्या फुलांचा पाण्यातला किंवा अल्कोहोलमधला अर्क अँटिऑक्सिडंट म्हणून तेलापेक्षा पुष्कळ सरस ठरतो. जाहिरातीत मात्र फुलांच्या अर्कावर झालेल्या कामाचे श्रेय सर्रास तेलाला दिले जाते. माझ्या मते या विषयात नवशिक्याने सर्वांत आधी शिकावी अशी हीच गोष्ट आहे: दावा वाचताना नमुना तेलाचा होता की अर्काचा, हे पाहावे.

उंदरांवरच्या काही प्रयोगांत लॅव्हेंडरचे तेल हुंगवल्यानंतर शरीरातल्या संरक्षक विकरांच्या (एन्झाइमांच्या) पातळीत फरक नोंदला गेला आहे. ही माहिती रंजक आहे, पण हे काम तेलातील घटक थेट मूलके टिपून करतात असे त्यावरून म्हणता येत नाही, आणि माणसाच्या त्वचेवर चोळलेल्या थेंबाला तर ते लागूच होत नाही. जर्मनीत लॅव्हेंडर तेलाच्या ८० मिलिग्रॅमच्या कॅप्सूल अस्वस्थतेसाठी औषध म्हणून दिल्या जातात. तेही प्रमाणित औषध आहे, बाटलीतले सुगंधी तेल पिण्याची परवानगी नव्हे.

पाचवी पायरी: स्वतः तपासून पाहा

ज्यांना महाविद्यालयाची प्रयोगशाळा उपलब्ध आहे त्यांनी डीपीपीएच चाचणी जरूर करावी. आई-मावशीच्या छोट्या उद्योगासाठी विज्ञान शाखेतल्या मुलामुलींनी करण्याजोगे हे फार छान काम आहे. डीपीपीएच हे एक स्थिर मुक्त मूलक असून त्याचे द्रावण गडद जांभळे असते. त्याला हायड्रोजन मिळाला की ते फिके पिवळे होते, आणि हा बदल ५१७ नॅनोमीटर तरंगलांबीवर मोजता येतो.

सुमारे ४ मिलिग्रॅम डीपीपीएच १०० मिलिलिटर मिथेनॉलमध्ये विरघळवावे; हे ०.१ मिलिमोलर द्रावण होते. ते काळ्या कागदात गुंडाळून ठेवावे आणि त्याच दिवशी वापरावे. मिथेनॉल विषारी व ज्वालाग्राही असल्याने हे काम स्वयंपाकघरात कधीही करू नये. लॅव्हेंडर तेलाची मिथेनॉलमध्ये मिलिलिटरला १, २, ५ आणि १० मिलिग्रॅम अशी द्रावणे करावीत. तुलनेसाठी लवंगेच्या तेलाची मिलिलिटरला ५, १०, २० आणि ५० मायक्रोग्रॅम अशी, आणि जीवनसत्त्व ‘सी’ची तशीच. प्रत्येक नळीत ३ मिलिलिटर डीपीपीएच आणि १ मिलिलिटर नमुना घालावा, एका नळीत नमुन्याऐवजी नुसते मिथेनॉल घालून नियंत्रण ठेवावे, सर्व नळ्या अंधारात ३० मिनिटे ठेवून मग शोषण मोजावे. नियंत्रणाच्या शोषणातून नमुन्याचे शोषण वजा करून, त्या फरकाला नियंत्रणाने भागून १०० ने गुणले की टक्केवारी मिळते. निम्मा रंग घालवण्यासाठी लागणारी तीव्रता म्हणजे आयसी-५०. हा आकडा जितका लहान तितका अँटिऑक्सिडंट प्रभावी.

लवंगेच्या नळ्या बघता बघता पिवळ्या पडतात, तर लॅव्हेंडरची नळी दोनशे पटीच्या आसपास तीव्रतेवरही बराच काळ जांभळी राहिलेली दिसू शकते. हे डोळ्यांनी पाहिले म्हणजे बाटलीवरच्या ओळीचे वजन कळते. वेगवेगळ्या निबंधांतले लॅव्हेंडरचे आयसी-५० एकमेकांशी जुळत नाहीत, याचेही आश्चर्य वाटून घेऊ नये. द्रावक, वेळ, तेलाची जात आणि तेलाचे वय बदलले की आकडा बदलतो. म्हणून तुलना नेहमी एकाच दिवशी, एकाच द्रावणाने केलेल्या मोजमापांचीच करावी.

जुन्या तेलासाठी याहून उपयोगी चाचणी पेरॉक्साइड मूल्याची आहे. बिघडलेल्या तेलातील हायड्रोपेरॉक्साइड, म्हणजे ऑक्सिजन जोडला जाऊन झालेली द्रव्ये, पोटॅशियम आयोडाइडमधून आयोडीन मुक्त करतात, आणि त्या आयोडीनचे सोडियम थायोसल्फेटने, स्टार्चच्या निळ्या रंगाच्या साक्षीने, अनुमापन (टायट्रेशन) करता येते. बारावीपर्यंत अनुमापन केलेल्या विद्यार्थ्याला मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली ते सहज जमते.

सहावी पायरी: तेल जपा

ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे. लिनॅलूल स्वतः त्वचेला फारसा त्रास देत नाही. पण हवेत उघडे राहिले की त्याचे हायड्रोपेरॉक्साइड होतात, आणि ते संपर्काने होणाऱ्या अॅलर्जीची प्रमुख कारणे म्हणून त्वचारोगतज्ज्ञांना परिचित आहेत. लिनॅलिल अॅसिटेटचेही तेच होते. सुगंधद्रव्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने लिनॅलूल आणि लिनॅलूलबहुल नैसर्गिक तेले यांच्यातील पेरॉक्साइडचे प्रमाण लिटरला २० मिलिमोलच्या खाली ठेवण्याचे बंधन घातले आहे, आणि त्यासाठी उत्पादनाच्या वेळीच बीएचटी हे कृत्रिम अँटिऑक्सिडंट किंवा टोकोफेरॉल साधारण ०.१ टक्के मिसळण्याची शिफारस केली आहे. ज्या तेलाला अँटिऑक्सिडंट म्हणून विकले जाते त्यालाच टिकण्यासाठी बाहेरून अँटिऑक्सिडंट द्यावा लागतो, ही गोष्ट नीट लक्षात घ्यावी.

बडोद्यात एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांच्या वर जातो, आणि तापमान दहा अंशांनी वाढले की रासायनिक क्रियांचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. त्यामुळे उन्हाळ्यात कुरिअरने तेल मागवणे शक्य तो टाळावे. हिवाळ्यात वर्षाचा साठा करून घ्यावा. बाटली गडद तपकिरी किंवा निळ्या काचेची असावी. पत्र्याखालचा पोटमाळा, दुचाकीची डिकी, गॅसच्या शेगडीवरचा कप्पा या जागा वर्ज्य समजाव्यात. सर्वांत उत्तम जागा फ्रिजची. मात्र पावसाळ्यात थंड बाटली लगेच उघडू नये. ती आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी, नाही तर दमट हवेतले पाणी आत जमते आणि एस्टर फुटू लागते.

बाटलीत तेलाच्या वरची मोकळी जागा म्हणजे ऑक्सिजनचा साठा. मोठी बाटली अर्धी झाली की उरलेले तेल लहान बाटल्यांत काठोकाठ भरून ठेवावे आणि रोजच्या वापरासाठी एकच बाटली उघडी ठेवावी. रबरी फुगा असलेला ड्रॉपर कायमचा लावून ठेवू नये, कारण तेलाच्या वाफेने रबर फुगते आणि विरघळलेले अंश तेलात उतरतात. थर्माकोल व पातळ प्लास्टिकही टाळावे.

टोकोफेरॉल घरी मिसळायचे असेल तर ३० मिलिलिटर तेलाला सुमारे २६ मिलिग्रॅम, म्हणजे अंदाजे एक लहान थेंब पुरतो. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या अनेक ‘ई’ कॅप्सूलमध्ये टोकोफेरिल अॅसिटेट असते. त्यात फिनॉलची जोडी अॅसिटेटने झाकलेली असल्यामुळे बाटलीतल्या तेलाचे रक्षण ते करू शकत नाही. शरीरात गेल्यावर विकरे ते झाकण काढतात, बाटलीत ते काढणारे कोणी नसते. म्हणून प्रसाधनांच्या कच्च्या मालाच्या विक्रेत्याकडून ‘मिश्र टोकोफेरॉल’ असे स्पष्ट लिहिलेलेच घ्यावे.

सातवी पायरी: वापरताना

अंगाला लावायच्या तेलात प्रौढांसाठी १ ते २ टक्के प्रमाण पुरेसे असते. ५० मिलिलिटर तिळाच्या किंवा खोबरेल तेलात १ मिलिलिटर, म्हणजे ड्रॉपरनुसार २० ते ३० थेंब, हे २ टक्के झाले. मिश्रण कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस वाट पाहावी. लहान मुलांच्या हाती बाटली लागू देऊ नये. हे तेल गिळणे धोक्याचे आहे.

थंड पद्धतीने साबण करणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की कॉस्टिक सोड्याच्या तीव्र अल्कतेत लिनॅलिल अॅसिटेटचा काही भाग फुटतो, म्हणून महागडे एस्टरबहुल तेल साबणात घालून फारसे हाती लागत नाही. तेथे प्रामाणिकपणे नाव लिहून लॅव्हॅन्डिन वापरावे. मेणबत्तीत तेल मेण ६० ते ६५ अंशांपर्यंत निवल्यावरच घालावे, कारण तेलाचा ज्वलनांक, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते तो, ७० अंशांच्या आसपास असतो. निर्यातीचा विचार करणाऱ्यांसाठी आणखी एक बाब: युरोपात त्वचेवर राहणाऱ्या प्रसाधनात ०.००१ टक्क्यापेक्षा आणि धुऊन टाकायच्या प्रसाधनात ०.०१ टक्क्यापेक्षा अधिक लिनॅलूल असेल तर त्याचे नाव घटकांच्या यादीत लिहावेच लागते. आपल्या लेबलावरही ते लिहावे, आणि तेथे ‘अँटिऑक्सिडंट’ हा दावा फुलांचा अर्क वापरला असेल तरच करावा.

बाटली उघडली त्या दिवसाची तारीख तिच्यावर पक्क्या शाईने घालावी. फ्रिजमध्ये ठेवलेले तेल उघडल्यापासून साधारण एक वर्षात संपवावे. बाहेर ठेवलेले त्याहून लवकर. तेल दाटसर झाले, वास टर्पेंटाइनकडे किंवा आंबूसपणाकडे झुकला, तर ते अंगाला लावायच्या कोणत्याही वस्तूत घालू नये. असे तेल मोरीत ओतू नये. लाकडाच्या भुशात किंवा मातीत जिरवून, घट्ट बांधलेल्या पिशवीत, आगीपासून दूर ठेवून कचऱ्यात द्यावे.